डोंगरउतारावरील देवस्थाने आणि भूगर्भातील पाण्याचा निचरा



उचगाव फाट्यावरून वेंगुर्ल्याच्या रस्त्याने पश्चिमेस निघाले, की बाची, शिनोळी मागे टाकून चंदगड तालुक्याचा मुलूख लागतो आणि पुढे आंबोलीस सह्याद्रीची कड येते. तेथील हिरण्यकेशीचे स्थान आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. गुहेतून पाणी येते, तेच नदी होऊन आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर या वाटेने घटप्रभेस जाऊन मिळते. डोंगराच्या पोटात मुरलेल्या पाण्याला तेथे बाहेर पडण्यास वाट मिळाली, आणि त्या वाटेलाच आपल्या पूर्वजांनी तीर्थ मानले. प्रस्तुत लेख मात्र अशी वाट न मिळालेल्या पाण्याविषयी आहे.

आमचे गाव मार्कंडेय नदीच्या परिसरात, तुलनेने सपाट भूमीवर वसलेले आहे. गावावर डोंगर झुकलेला नाही. मग हा विषय येथे कशासाठी, असा प्रश्न काही सभासदांनी विचारला. त्याचे उत्तर असे, की आपले देव बहुधा डोंगरावर आहेत. देवरवाडीचा वैजनाथ, जोतिबा, सौंदत्तीची यल्लम्मा या स्थानी आपण वर्षानुवर्षे जातो. चंदगड, आजरा व तळकोकण येथे आपली सोयरीक आहे. त्या भागांतील लहान-मोठ्या देवस्थानांकडून संरक्षक भिंतीसाठी वर्गणीची पत्रे येतात आणि यथाशक्ति मदतही दिली जाते. भिंतीवर देणगीदारांची संगमरवरी पाटी बसते. जमिनीखालच्या चरासाठी वर्गणी मागणारे पत्र मात्र आजवर आमच्याकडे आलेले नाही. चरावर पाटी बसवावयास जागा नसते, हेही त्याचे एक कारण असावे. तथापि पुष्कळ ठिकाणी भिंतीपेक्षा चराचीच गरज अधिक असते, हे येथे मांडावयाचे आहे.

पाण्याचे वजन नव्हे, पाण्याचा दाब

दरड कोसळली की "माती भिजून जड झाली आणि खाली आली" असे आपण म्हणतो. त्यात थोडे तथ्य आहे, पण खरे कारण निराळे आहे. उतारावरील माती स्वतःच्या वजनाने खाली सरकू पाहते. तिला धरून ठेवतात दोन गोष्टी : कणाकणांमधला चिकटपणा आणि घर्षण. घर्षण हे कण एकमेकांवर किती जोराने दाबले गेले आहेत यावर अवलंबून असते. मातीतील पोकळ्या पाण्याने भरल्या आणि त्या पाण्याला बाहेर पडता आले नाही, तर ते कणांना आतून रेटू लागते. कण एकमेकांवरून किंचित उचलल्यासारखे होतात. वजन तेवढेच राहते, किंबहुना वाढते. पकड मात्र कमी होते.

एक साधा हिशेब पाहू. ओल्या मातीचे वजन घनमीटरला सुमारे दोन टन धरावे, पाण्याचे एक टन. उतारावर तीन मीटर जाडीचा मातीचा थर असेल, तर त्याच्या तळाशी दर चौरस मीटरला स्थूलमानाने सहा टनांचा भार येतो. पाणी थेट पृष्ठभागापर्यंत चढले, तर त्याच तळाशी तीन टनांचा दाब उलट्या दिशेने काम करू लागतो. घर्षणासाठी उरतात तीन टन. म्हणजे पकड निम्म्यावर आली. जी सैल, चिकटपणा नसलेली माती कोरडी असताना ३४ अंशांच्या उतारावर कशीबशी उभी राहते, ती अशा भरलेल्या स्थितीत १८-१९ अंशांच्या पुढे टिकत नाही. पाण्याची पातळी एका मीटरने खाली आणली, तर चौरस मीटरमागे एक टन दाब परत मिळतो. भूगर्भातील निचऱ्याचे सारे शास्त्र या एका टनासाठी आहे, असे म्हटले तरी चालेल. हा विचार पद्धतशीर मांडण्याचे श्रेय विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कार्ल टेरझागी या अभियंत्याकडे जाते आणि आजही धरणांपासून घाटरस्त्यांपर्यंत सर्वत्र तोच वापरला जातो.

एका रात्रीत पडलेल्या पावसानेच दरड येते असे नाही. आठ-दहा दिवसांच्या झडीने जमीन भरत जाते आणि मग शेवटचा जोराचा पाऊस निमित्त होतो. आंबोलीस वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तेथून सत्तर किलोमीटरच्या आत असलेल्या बेळगावात त्याच्या पाचव्या हिश्श्याइतकाही जेमतेम. त्यामुळे आपल्याकडच्या पावसावरून डोंगरावरच्या पावसाची कल्पना करणे व्यर्थ आहे.

जांभा आणि त्याखालची चिकणमाती

आपल्या पश्चिमेकडील डोंगरांच्या माथ्यावर पुष्कळ ठिकाणी जांभा दगडाचा थर आहे. जांभ्याला छिद्रे असतात. पाऊस पडताच तो पाणी आत घेतो. म्हणून सडे वरून लवकर कोरडे दिसतात. जांभ्याच्या खाली मात्र बहुधा झिजलेल्या खडकाची पांढुरकी, पिवळसर किंवा तांबूस चिकणमाती असते. वरून झपाट्याने उतरलेले पाणी या मातीवर येऊन अडते आणि आडवे पसरते. जेथे हा सांधा उताराच्या बाजूस उघडा पडतो, तेथे झरे फुटतात. कित्येक देवस्थानांचे गोमुख, पांडवकालीन म्हणून दाखविले जाणारे कुंड किंवा बारमाही विहीर याच सांध्यावर असते. मंदिरासाठी जागा निवडताना पाणी पाहिले जाई, त्यामुळे मंदिर आणि हा नाजूक सांधा एकाच ठिकाणी येणे हा योगायोग नव्हे.

गोमुख म्हणजे डोंगराची निसर्गाने काढून ठेवलेली मोरीच आहे. जीर्णोद्धाराच्या वेळी ती बुजविली जाते, ही गोष्ट आम्हांस सर्वाधिक खटकते. आवारात फरशी बसवायची असते, पायऱ्यांवर पाणी येऊन भाविक घसरतात, म्हणून झऱ्याच्या तोंडाशी सिमेंट भरले जाते आणि सर्वांना समाधान वाटते. पाणी थांबलेले नसते. त्याला वाट नसल्याने ते मागे तुंबते, चढते आणि दुसऱ्या कमकुवत जागी ढकलू लागते. झरा गैरसोयीचा असेल तर तो नळीतून वळवावा, बुजवू नये.

जुन्या भिंती आणि नव्या भिंती

आपल्याकडे शेताची ताल असो वा आवाराचा गडगा, जुनी रचाई कोरड्या दगडांची असे. दगडांच्या फटींतून पाणी झिरपून जाई आणि भिंतीमागे दाब साचत नसे. भिंत कोठे फुगली तर चार माणसे तेवढा भाग उतरवून पुन्हा रचीत. ही समज केवळ आपल्याच मुलखाची नाही. दक्षिण अमेरिकेतील पेरू देशात पंधराव्या शतकात इंका लोकांनी माचू पिच्चू ही नगरी डोंगराच्या अरुंद खांद्यावर वसविली. वर्षाला सुमारे दोन हजार मिलिमीटर पाऊस असलेल्या त्या जागी मंदिरे व गच्च्या आजही उभ्या आहेत. केनेथ राइट या अमेरिकी जलअभियंत्याने तेथे अभ्यास केला, तेव्हा असे आढळले, की बांधकामाचा मोठा भाग जमिनीखालीच आहे. गच्चीत वर शेतीची माती, तिच्याखाली रेती-खडी आणि तळाशी मोठे दगड असे थर आहेत. चौकांखाली दगडाच्या कपच्यांचा जाड थर आहे आणि भिंतींतून पाणी काढून देणारी सव्वाशेहून अधिक तोंडे ठेवलेली आहेत.

आता काँक्रीटची भिंत घ्या. ती मजबूत असते हे खरे. पण तिच्यामागे मुरूम व माती ठासून भरली आणि पाणी जाण्यास भोके ठेवली नाहीत, तर ती भिंत राहत नाही, धरण होते. आणि धरण म्हणून तिची आखणी झालेली नसते. आम्ही पाहिलेल्या एका डोंगरावरील देवस्थानात कंत्राटदाराने भिंतीत नियमाप्रमाणे भोके ठेवली होती. पुढे रंगकामाच्या वेळी ती "बरी दिसत नाहीत" म्हणून गिलाव्याने बंद करण्यात आली. दोन पावसाळ्यांत भिंतीच्या मध्यभागी पोट सुटले. कोणासही इजा झाली नाही, हे नशीब. भोके उघडताच प्रथम गढूळ आणि नंतर स्वच्छ पाणी कित्येक तास वाहत होते, असे तेथील पुजाऱ्यांनी आम्हांस सांगितले.

अलीकडील घटना

पुणे जिल्ह्यातील आंबेगाव तालुक्यात माळीण गावावर ३० जुलै २०१४ रोजी सकाळी डोंगर आला आणि १५१ माणसे गेली. महाड तालुक्यातील तळिये येथे २२ जुलै २०२१ रोजी ऐंशीहून अधिक जण दगावले. त्याच दिवसांत महाबळेश्वरास चोवीस तासांत सहाशे मिलिमीटरच्या घरात पाऊस नोंदला गेला होता. खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड आली. आपल्या राज्यात अंकोल्याजवळ शिरूर येथे १६ जुलै २०२४ रोजी महामार्गालगतचा डोंगर खचून मार्गावरील माणसे व वाहने गंगावळी नदीत गेली. या प्रत्येक ठिकाणी उताराची ठेवण वेगळी होती. दीर्घ झडीचा पाऊस मात्र समान होता.

देवस्थानांच्या दृष्टीने कर्नाटकातील दोन घटना अधिक बोलक्या आहेत. म्हैसूरच्या चामुंडी टेकडीवर, नंदीकडे जाणारा रस्ता २०२१ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पावसाने एकाहून अधिक ठिकाणी खचला व वाहतुकीस बंद करावा लागला. टेकडीवर भक्तांची व वाहनांची सोय म्हणून होत गेलेल्या बांधकामांची चर्चा त्यानंतर बरीच झाली. दुसरी घटना कोडगूतील तलकावेरीची. कावेरीचे उगमस्थान असलेल्या ब्रह्मगिरी डोंगराचा भाग ६ ऑगस्ट २०२० च्या पहाटे कोसळून मंदिराच्या पुजाऱ्यांचे घरच गाडले गेले. पुजारी व त्यांचे कुटुंबीय त्यात गेले. डोंगरावर पाणी जिरविण्यासाठी खोदलेल्या चरांकडे त्या वेळी अनेकांनी बोट दाखविले होते.

ही दुसरी गोष्ट आम्हांस अंतर्मुख करते. "पाणी अडवा, पाणी जिरवा" ही घोषणा आपण सर्वांनी श्रमदानात दिली आहे. अवर्षणाच्या मुलखात तिचे मोल मोठे आहे आणि आम्ही ती मागे घेत नाही. परंतु ज्या उताराखाली वस्ती, मंदिर किंवा रस्ता आहे, जेथे मातीचा थर जाड आहे आणि पाऊस चार-पाच हजार मिलिमीटर पडतो, तेथे माथ्यावर सलग समतल चर खोदून पाणी आत घालणे म्हणजे उताराच्या पायाखालची पकड सैल करणे होय. अशा ठिकाणी पाणी अडवू नये. त्याला लवकर व सुखरूप खाली जाऊ द्यावे आणि सपाटीवर नेऊन मग खुशाल जिरवावे. एकाच गावाच्या शिवारात दोन्ही नियम वेगवेगळ्या जागी लागू होऊ शकतात.

निचऱ्याचे प्रकार

पहिले काम नेहमी पृष्ठभागावरचे. उताराच्या माथ्यामागून पाणचर काढून वरून येणारे पाणी बाजूच्या नाल्यात न्यावे. या चराचा तळ व बाजू पक्क्या असाव्यात. मातीचा उघडा चर काढला तर तोच पाणी जिरवीत बसतो. जमिनीत भेगा पडल्या असतील तर त्या चिकणमातीने ठासून बुजवाव्यात, कारण भेग ही पाण्याला थेट तळाशी नेणारी विहीर असते. मंदिराच्या आवारातील पाण्याचाही येथेच विचार करावा. गाभाऱ्याच्या प्रणालातून बाहेर पडणारे अभिषेकाचे पाणी थोडे असते, पण ते रोजचे असते. त्याहून कितीतरी अधिक पाणी भक्तनिवासाच्या न्हाणीघरांतून, शौचालयांच्या शोषखड्ड्यांतून आणि गळक्या टाकीतून डोंगरात जाते. उतारावर शोषखड्डा हा दरडीला दिलेला बारमाही पाऊस आहे. तेथे बंद नळाने सांडपाणी खाली नेण्यास पर्याय नाही.

यानंतर जमिनीखालचा निचरा. पाणी फार खोल नसेल, तर उताराच्या दिशेने, म्हणजे वरून खाली जाणारे, दीड ते तीन मीटर खोल चर खोदतात. तळाशी भोके असलेला नळ ठेवून वर दगड व खडी भरतात आणि सर्वांभोवती जिओटेक्स्टाइल कापड गुंडाळतात. कापडाचे काम महत्त्वाचे आहे : पाणी आत यावे, माती येऊ नये. माती येऊ लागली तर नळ तुंबतो आणि डोंगर आतून पोकळ होत जातो. पूर्वी हे काम वाळू व खडी यांचे क्रमाने थर देऊन साधीत, आणि जपून केले तर तेही उत्तम चालते. असे चर तुकड्या-तुकड्याने खोदावेत. खचणाऱ्या उतारावर आडवा लांबलचक चर एकाच वेळी उघडणे म्हणजे संकटाला आमंत्रण. आणि पावसाळ्यात तर कुदळ लावूच नये.

पाणी खोल असेल तर आडवी छिद्रे घेतात. उताराच्या पायथ्याकडून डोंगराच्या आत, किंचित वर चढत जाणारे छिद्र यंत्राने पाडतात आणि त्यात बारीक चिरा पाडलेला दोन-तीन इंची पीव्हीसी नळ सरकवितात. चढ थोडासाच, म्हणजे पाच-दहा अंशांपर्यंत. आत आलेले पाणी स्वतःच्या उताराने बाहेर पडावे एवढाच हेतू. लांबी दहा मीटरपासून साठ मीटर किंवा त्याहूनही अधिक असते. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील महामार्ग खात्याने १९३९ पासून ही पद्धत वापरली आणि तेथून ती जगभर गेली. विजेचा पंप नको, चालक नको. दुर्गम देवस्थानासाठी हा गुण लहान नाही.

या नळांबाबत एक गैरसमज वारंवार होतो. छिद्रे पाडल्यावर धो धो पाणी आले नाही, थेंब थेंबच पडते, म्हणून काम फसले असे समजले जाते. चिकणमातीतून पाणी हळूच येते. नळातून किती पाणी आले ही यशाची कसोटी नाही. डोंगरातील पाण्याची पातळी किती उतरली ही कसोटी आहे. ती पाहण्यासाठी उभ्या छिद्रात एक साधा नळ बसवितात, त्याला पीझोमीटर म्हणतात. आत फीत सोडून पाणी किती खोलीवर लागते एवढे पाहावयाचे. ही नोंद पुजारी किंवा शिपाई आठवड्यातून एकदा, आणि झडीत रोज, सहज ठेवू शकतो. निचरा करण्यापूर्वीच्या एका पावसाळ्याच्या नोंदी हाती असाव्यात, नाहीतर नंतर तुलना कशाशी करणार ?

फार मोठ्या उतारांसाठी खोल विहिरी खणून त्यांच्या पोटातून चहूकडे छिद्रे घेतात, अथवा डोंगराखालून बोगदाच काढतात. जपानमध्ये ओसाका व नारा यांच्या मधल्या कामेनोसे येथे १९३१-३२ साली डोंगर सरकून रेल्वेचा बोगदा निकामी झाला आणि यामातो नदीचे पात्र वर उचलले गेले. तेथे पुढे अशा विहिरी व निचऱ्याचे बोगदे बांधून डोंगर स्थिर करण्यात आला. हाँगकाँगमध्ये १८ जून १९७२ रोजी पो शान मार्गावरील दरडीने एक बारा मजली इमारत पाडली व ६७ जणांचा बळी घेतला. तेथे १९८०च्या दशकात आडव्या नळांनी पाणी उतरविण्यात आले. पण काळाच्या ओघात ते नळ निकामी होत गेले, म्हणून २००९ च्या सुमारास डोंगराखाली दोन बोगदे काढून त्यांच्या छतातून वरच्या दिशेने छिद्रे घेण्यात आली. आपल्या देवस्थानांना बोगदे परवडणारे नाहीत. त्या उदाहरणातून घ्यावयाचे ते एवढेच, की नळांनाही आयुष्य असते.

आपल्या भागातील अनुभव म्हणून कोकण रेल्वेचा उल्लेख केला पाहिजे. २२ जून २००३ रोजी वैभववाडीजवळ रुळांवर आलेल्या दरडीमुळे झालेल्या अपघातात पन्नासहून अधिक प्रवासी दगावले. पुढच्याच वर्षी १६ जूनला करंजाडीजवळ पुन्हा अपघात झाला. त्यानंतर त्या मार्गावर कापलेल्या उतारांचा चढ कमी करणे, पायऱ्या काढणे, जाळ्या लावणे, मातीत लोखंडी सळया रोवणे, माथ्यावर पाणचर बांधणे अशी कामे वर्षानुवर्षे होत आली आहेत आणि पावसाळ्यात गाड्यांचे वेगळे, संथ वेळापत्रक असते. तेथे एकाच उपायावर कोणी विसंबले नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

देखभाल

भिंत बांधली की दहा वर्षे विसरता येते, निचरा बांधला की विसरता येत नाही. जांभ्याच्या मुलखात तर मुळीच नाही. येथील पाण्यात लोह असते. नळाच्या तोंडाशी हवा लागताच गंजाच्या रंगाचा बुळबुळीत गाळ धरतो आणि दोन-चार वर्षांत नळ आवळून टाकतो. उन्हाळ्याच्या अखेरीस दाबाच्या पाण्याने नळ धुवून घेणे हाच उपाय. नळाच्या तोंडाशी जाळी बसवावी, नाहीतर उंदीर व खेकडे आत घर करतात. तोंडासमोरची जागा मोकळी ठेवावी. फुलांचे निर्माल्य, नारळाची सोडणे आणि प्लास्टिकच्या पिशव्या नेमक्या तेथेच येऊन साचतात, हे प्रत्येक देवस्थानाच्या सेवेकऱ्यास ठाऊक आहे.

वड-पिंपळाचा प्रश्न नाजूक आहे. त्यांची मुळे भिंतीच्या भोकांत व नळांत शिरतात. वृक्ष तोडावा असे आम्ही कोणास सुचविणार नाही. नवे काम करताना नळ मोठ्या वृक्षापासून दूर न्यावेत, जवळ नेणे भागच असेल तर तेवढा तुकडा भोके नसलेल्या नळाचा ठेवावा. उतारावर नवीन लागवड करावयाची असल्यास वाळ्याचे गवत उपयोगी पडते. त्याची मुळे खोल जातात व वरची माती धरून ठेवतात. मात्र आठ-दहा मीटर खोलीवर सरकणाऱ्या डोंगरास कोणतेही गवत थोपवू शकत नाही.

काढलेले पाणी कोठे सोडावयाचे, हा शेवटचा पण भांडणाचा विषय. आपल्या डोंगरातले पाणी शेजाऱ्याच्या बांधावर सोडले, तर आपली दरड टळून त्याची सुरू होते. ते बंद नळाने किंवा दगडी पायऱ्यांच्या मोरीने नैसर्गिक नाल्यापर्यंत नेले पाहिजे. शक्य तेथे पायथ्याशी टाकी बांधून तेच पाणी बागेस व धुण्यास वापरावे.

या उपायाच्या मर्यादा

जेथे उतार हळूहळू सरकतो, भेगा पडतात, पायऱ्या तिरक्या होतात, तेथे निचरा फार गुणकारी ठरतो. माळीण किंवा इर्शाळवाडीप्रमाणे वस्तीच्या खूप वरून चिखल-दगडांचा लोंढा येणार असेल, तर आवारातील चरांचा काही उपयोग नाही. तेथे माणसांना वेळेत हलविणे हाच उपाय. सुट्या कातळांच्या पडझडीसही जाळी व खिळे लागतात. डोंगराचा पायथा रस्त्यासाठी उभा कापला असेल, तर आधी ते दुरुस्त करावे लागते. आपला डोंगर यांपैकी कोणत्या जातीचा, हे विश्वस्तांनी बैठकीत ठरवावयाचे नाही. त्यासाठी भूशास्त्रज्ञ व मृदा-अभियंता यांना प्रत्यक्ष जागेवर न्यावे लागते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने दरडप्रवण क्षेत्रांचे नकाशे केले आहेत. जुलै २०२४ मध्ये त्या संस्थेने कोलकात्यात राष्ट्रीय दरड पूर्वानुमान केंद्र सुरू केले व 'भूस्खलन' नावाचे मोबाइल अॅपही उपलब्ध करून दिले. भारतीय मानक ब्यूरोचे दरड-नियंत्रणाविषयीचे मानक १९९९ चे आहे, तर राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वे २००९ ची. सल्लागाराशी बोलताना ही नावे माहीत असलेली बरी. समोरचा माणूस थोडा सावध होऊन बोलतो.

कोणत्या खुणा पाहाव्यात

पूर्वी कोरड्या असलेल्या जागी नवा झरा फुटणे. गोमुखाचे पाणी अकस्मात गढूळ होणे किंवा भर पावसात आटणे. दाराच्या चौकटी अडकू लागणे. फरशीत अथवा माथ्यावरील गवतात धनुष्याकृती भेग दिसणे. झाडे व विजेचे खांब एकाच दिशेला कलणे. यांपैकी भर पावसात गोमुख आटणे ही खूण आम्हांस सर्वांत गंभीर वाटते. पाऊस वाढत असताना बाहेर येणारे पाणी कमी झाले, तर ते आत कोठेतरी साचत असते. अशा वेळी मंदिर व भक्तनिवास रिकामे करावे, पूजा त्या दिवसापुरती संक्षिप्त करावी आणि जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षास १०७७ या क्रमांकावर कळवावे. यात्रेच्या दिवशी हा निर्णय घेणे किती अवघड आहे, याची आम्हांस पूर्ण जाणीव आहे. म्हणूनच तो कोणी घ्यावयाचा, हे पावसाळ्यापूर्वीच्या बैठकीत एका व्यक्तीच्या नावाने ठरवून इतिवृत्तात नोंदवावे.

ज्या देवस्थानांकडून यापुढे संरक्षक भिंतीसाठी वर्गणीचे पत्र येईल, त्यांना आम्ही तीन गोष्टी विचारणार आहोत : भिंतीमागच्या निचऱ्याचा नकाशा आहे काय, काढलेले पाणी कोठे सोडणार, आणि दरवर्षी मे महिन्यात नळ धुण्याचा खर्च अंदाजपत्रकात धरला आहे काय. चरासाठी स्वतंत्र पत्र आले तर त्याचा विचार अग्रक्रमाने केला जाईल. देणगीदारांची पाटी हवी असल्यास ती नळाच्या तोंडाशी, दगडात कोरून बसविता येते. पाणी नीट वाहते आहे की नाही, हे पाहण्यास त्या निमित्ताने तरी कोणी ना कोणी तेथवर जाईल.